वेळास : माणसं पाठवणारं गाव

महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांची नावं घेतली जातात. कृष्णा पूर्वेची वाट धरून बंगालच्या उपसागराकडे निघते. सावित्री मात्र सह्याद्रीचा कडा उतरून पश्चिमेला वळते, पोलादपूर-महाडवरून जाते आणि रुंद खाडी होऊन अरबी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी उत्तरेला रायगड जिल्ह्यातलं हरिहरेश्वर आणि दक्षिणेला रत्नागिरी जिल्ह्यातलं बाणकोट. बाणकोटच्या किल्ल्याची टेकडी मागे टाकून समुद्राच्या कडेने थोडं पुढे गेलं की मंडणगड तालुक्यातलं वेळास लागतं. खाडीपलीकडे श्रीवर्धन तालुक्यातही एक वेळास आहे, त्यामुळे नवख्या माणसाची गल्लत होते. कासवांचं आणि नाना फडणविसांचं म्हणून ओळखलं जाणारं वेळास ते हे.

गाव कोकणातल्या इतर शेकडो गावांसारखंच आहे. जांभ्या दगडाची, कौलारू छपरांची घरं, पुढे पडवी, मागे नारळ-पोफळीची आगरं, आगरांपलीकडे सुरूचं बन आणि त्यापुढे पुळण. डोक्यावर सडा. पावसाळ्यात सड्यावरून पाण्याचे लोट वाहतात आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसू लागतो. भात, नाचणी, वरी पिकते, पण घरातल्या सगळ्यांचं वर्ष निघेल एवढी नाही. ही शेवटची गोष्ट वेळासच्या इतिहासाच्या मुळाशी आहे. जमीन पुरत नाही म्हणून या गावाने तीनशे वर्षं माणसं बाहेर पाठवली.

त्यातली पहिली नोंद घेण्याजोगी पाठवणी अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावरची. खाडीपलीकडचं श्रीवर्धन तेव्हा जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखाली होतं आणि तिथली देशमुखी भट घराण्याकडे होती. भटांचं आणि सिद्दीचं बिनसलं. बाळाजी विश्वनाथ भट यांच्या भावाला पोत्यात घालून समुद्रात बुडवलं, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. बाळाजी विश्वनाथ खाडी ओलांडून वेळासला आले आणि तिथल्या भानूंच्या आश्रयाला राहिले. भानूंचे तिघे भाऊ, हरी महादजी, बाळाजी महादजी आणि रामाजी महादजी, त्यांच्याबरोबर घाट चढून देशावर गेले. मिळेल त्या भाकरीत सगळ्यांचा वाटा, असा शब्द तेव्हा दिला गेला, असं सांगतात. कथेचा तपशील बाजूला ठेवला तरी शब्द पाळला गेला हे कागदोपत्री दिसतं. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि पुढे फडणिशी भानूंकडे आली, ती घराण्यातच राहिली.

या वाट्याची किंमतही भानूंनी मोजली. १७१९ मध्ये चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळवण्यासाठी मराठी फौज दिल्लीत होती. तिथल्या दंग्यात शेकडो मराठी माणसं मारली गेली आणि त्यांत बाळाजी महादजी भानूही पडले. समुद्राकाठच्या आगरातून निघालेला माणूस यमुनेकाठी दिल्लीच्या रस्त्यात मेला. त्यांचे नातू बाळाजी जनार्दन, म्हणजेच नाना फडणवीस. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा, तोही वेळासचा नाही, साताऱ्याचा. घराणं गावातून निघून तोवर एक पिढी उलटली होती. नाना पानिपतावरून जीव वाचवून आले, आई तिथेच गमावली आणि पुढे सुमारे पाव शतक पुण्याचा कारभार हाकून १३ मार्च १८०० रोजी वारले. वाईजवळ मेणवलीला त्यांनी वाडा आणि घाट बांधला, तिथे पोर्तुगीज घंटा आजही टांगलेली आहे. मूळ गावातलं महालक्ष्मीचं मंदिर आणि भैरव-रामेश्वराचं देऊळ नानांच्या नावाशी जोडलेलं आहे, आणि त्यांचं छोटं स्मारकही गावात आहे. पण राजधानीत सगळी सूत्रं हलवणाऱ्या या माणसाच्या मूळ गावी वैभव असं काही उतरलं नाही. बाहेर गेलेल्या माणसाने गावाला देऊळ द्यावं, हाच तेव्हाचा रिवाज होता.

भानू एकटे नव्हते. त्याच शतकात कोकणातली घराणीच्या घराणी उत्तरेकडे सरकली. झाशी हे त्याचं ठळक उदाहरण. नारो शंकरांनी १७४२ नंतर झाशीचं शहर वाढवलं आणि पुढे सुभेदारी नेवाळकरांकडे गेली. हे नेवाळकर मूळचे आजच्या लांजा तालुक्यातल्या कोट गावचे. झाशीत लक्ष्मी दरवाज्याबाहेर तलावाकाठी त्यांच्या कुलस्वामिनीचं, महालक्ष्मीचं देऊळ उभं राहिलं. जवळच गंगाधरराव नेवाळकरांची समाधी आहे. कोटला आणि वेळासला देव्हाऱ्यातली देवी एकच, पण तिची मोठी देवळं गावाबाहेर, दूरच्या मुलखात उठली. १८५७ साली पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरचं कर्ज फेडायचं म्हणून उत्तरेला निघाले आणि थेट झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांनी पुढे लिहिलेला ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी छापला. बंडाची हकिकत म्हणून तो वाचला जातो, पण त्याचा आरंभ कोकणातल्या एका घराच्या देण्यात आहे, हे विसरायला नको. ज्याच्या अंगी विद्या होती तो दक्षिणेसाठी निघाला, ज्याच्या अंगी बळ होतं तो फौजेत गेला.

फौजेचा मार्ग वेळासच्या शेजारूनच सुरू झाला. बाणकोटचा किल्ला आंग्र्यांचा होता. तुळाजी आंग्र्यांचा काटा काढण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी मुंबईच्या इंग्रजांशी हात मिळवला. १७५५ च्या एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्सने आधी सुवर्णदुर्ग आणि लागोपाठ बाणकोट घेतलं. पुढच्या वर्षी विजयदुर्ग पडला आणि १७५६ च्या तहाने बाणकोट इंग्रजांकडे राहिलं. त्यांनी किल्ल्याला फोर्ट व्हिक्टोरिया असं नाव दिलं. मराठी मुलखाच्या कोकणपट्टीवर इंग्रजांचं पाऊल पहिल्यांदा टिकलं ते इथे. नाना तेव्हा चौदा वर्षांचे होते. ज्या मुत्सद्द्याने पुढे आयुष्यभर इंग्रजांना पुण्याच्या कारभारापासून दूर ठेवण्याची धडपड केली, त्याच्या वाडवडलांच्या गावाशेजारच्या टेकडीवर त्याच्या मालकानेच इंग्रजांचं निशाण लावू दिलं होतं. पेशव्यांची ती चूक फार महागात पडली.

इंग्रजांना बाणकोट हवं होतं त्याची कारणं साधी होती. मुंबई बेटावरच्या गोऱ्या वस्तीला आणि गलबतांना मांसासाठी गुरं हवी होती, ती भोवतालच्या मराठी मुलखातून मिळत नव्हती. फौजेसाठी शिपाई हवे होते. आणि खाडीतून थेट महाडपर्यंत गलबतं जात, म्हणजे घाटमाथ्याच्या व्यापाराचं एक दार हाती येत होतं. पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकणचं पहिलं मुख्य ठाणंही बाणकोटलाच होतं. १८२२ मध्ये ते रत्नागिरीला हललं आणि बाणकोट मागे पडू लागलं. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, तो गलबतांना नेहमीच नडला. महाबळेश्वरच्या आर्थर सीटला ज्याचं नाव आहे त्या आर्थर मॅलेटची बायको आणि तान्हं मूल याच नदीत होडी बुडून गेल्याचं सांगतात. जिथून सावित्रीचं खोरं दिसतं तिथे तो बसत असे.

शिपायांची भरती मात्र थांबली नाही. रत्नागिरी जिल्हा एकोणिसाव्या शतकात मुंबई फौजेचा मोठा पुरवठादार होता. मराठे होते, महार होते, मुसलमान होते. मंडणगड तालुक्यातलंच आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. त्यांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार झाले आणि निवृत्तीनंतर काही काळ दापोलीला राहिले. गावात अस्पृश्य असलेल्या माणसाला पलटणीत हाती बंदूक, लिहिता-वाचता येण्याची संधी आणि म्हातारपणी पेन्शन मिळाली. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली आणि ते दार मिटलं.

जे गावात राहिले ते कोणाच्या जमिनीवर राहिले, हाही प्रश्न होता. कोकणात खोतीचा अंमल होता. गावचा सारा खोत सरकारात भरायचा आणि कुळांकडून पिकाचा मोठा वाटा उचलायचा, वर वेठ वेगळी. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात आणलं, १९३८ च्या जानेवारीत कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. प्रत्यक्ष खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ साली झाला. तोवर कुळांच्या कितीतरी पिढ्यांनी मुंबईची वाट धरली होती. आगबोटीने जायचं, गिरणीत किंवा गोदीत लागायचं, गाववाल्यांच्या खोलीत दाटीवाटीने राहायचं आणि महिन्याला घरी मनीऑर्डर धाडायची. गावातल्या माणसांनी या लोकांना नाव दिलं चाकरमानी. तो गणपतीला आणि शिमग्याला येतो, पालखी खांद्यावर घेतो, घराचं छप्पर शाकारून जातो. खाडीकाठच्या मुसलमान घरांतले पुरुष याच वाटेने पुढे आफ्रिकेला आणि नंतर आखाताला गेले.

याचा परिणाम जनगणनेत स्वच्छ दिसतो. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या. ज्या राज्यात बहुतेक जिल्ह्यांत हा आकडा हजाराच्या खाली आहे, तिथे एवढा फरक पडतो तो पुरुष घरी नसल्यामुळे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, पण मंडणगड तालुक्यात तिचं एकही स्थानक नाही. वेळासकडे जाणारा प्रवासी खेड किंवा माणगावला उतरून वळणावळणाच्या रस्त्याने येतो, किंवा बागमांडला ते वेशवी या फेरीबोटीने खाडी ओलांडतो. बाणकोट खाडीवरच्या पुलाचं काम सुरू होऊन अर्ध्यातच थांबलं आणि खांब कित्येक वर्षं तसेच पाण्यात उभे राहिले.

अशा या गावात २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी आले. ते कासवांसाठी आले नव्हते. पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची घरटी मोजत ते किनाऱ्याने फिरत होते. वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची कवचं दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं, की हिवाळ्यात रात्री कासविणी येतात, वाळूत अंडी घालतात आणि ती अंडी सकाळी माणसं किंवा कोल्ही-कुत्री उकरून नेतात. खायला, विकायला. ऑलिव्ह रिडले कासवाला १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वाघाइतकंच संरक्षण आहे, पण कायद्याची ती अनुसूची या पुळणीपर्यंत पोचलेली नव्हती.

ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्येच्या मुखाशी ही कासवं लाखांनी एकदम किनाऱ्यावर येतात. कोकणात तसं होत नाही. इथे एकेकटी मादी येते, भरतीच्या वेळी, अंधारात. वाळूवर तिच्या वल्ह्यांसारख्या पायांचा रुंद माग उमटतो. तो माग भरतीरेषेच्या वर जिथे संपतो तिथे, साधारण दीड फूट खोलीवर, शंभराच्या आसपास अंडी असतात. गावच्या माणसांना हा माग वाचता येत होता, कारण अंडी काढायची तर तो वाचता आलाच पाहिजे. संस्थेने तेच ज्ञान कामाला लावलं. आधी अंडी उकरणारे हात पुढे कासवमित्राचे झाले.

काम असं चालतं. पहाटे पुळण पायी तुडवायची. माग सापडला की काठीने वाळू हलकेच चाचपायची. जिथे वाळू पोकळ लागते तिथे हाताने उकरायचं. अंडी न हलवता, न फिरवता उचलून टोपलीत ठेवायची आणि कुंपण घातलेल्या जागेत तशाच मडक्याच्या आकाराच्या खड्ड्यात पुरायची. वर पाटी रोवायची, तिच्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या. पंचेचाळीस दिवसांनी खड्ड्यावर टोपली पालथी घालायची आणि सकाळ-संध्याकाळ उचलून पाहायचं. पिल्लं वर आली असली तर ती मोजायची आणि समुद्रापासून काही अंतरावर वाळूत सोडायची. ती त्यांची त्यांनी चालत गेली पाहिजेत, पाण्यात नेऊन टाकायची नाहीत. पहिल्याच हंगामात पन्नास घरटी राखली गेली आणि २,७३४ पिल्लं समुद्रात गेली. यातलं हजारात एखादंच मोठं होऊन परत येतं असं मानतात, म्हणून हे काम एखाद-दोन वर्षांत उरकणारं नाही.

वेळासचं वेगळेपण याच्या पुढच्या पायरीत आहे. २००६ च्या सुमारास संस्थेने गावकऱ्यांबरोबर कासव महोत्सव सुरू केला. पिल्लं सोडताना पाहायला पुण्या-मुंबईची माणसं येऊ लागली. गावात हॉटेल नव्हतं, म्हणून पाहुणे घराघरांत उतरले. पडवीत गाद्या पडल्या. घरच्या बायकांनी जेवणाची जबाबदारी घेतली: कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, फणसाची भाजी, सोलकढी, एखाद्या दिवशी उकडीचे मोदक. ज्या घरात पैसा म्हणून फक्त मनीऑर्डर येत होती, तिथे घरातल्या बाईने स्वतः मिळवलेला पैसा आला. तीनशे वर्षांत पहिल्यांदाच पैसा गावाकडे चालत आला, त्याच्यासाठी कोणाला खाडी ओलांडावी लागली नाही. कासव वाचवण्याच्या कितीतरी योजना देशात आहेत, पण गावातल्या इतक्या घरांना थेट हिस्सा देणाऱ्या फार थोड्या. पूर्व जावातल्या आलास पुर्वो राष्ट्रीय उद्यानातही ऑलिव्ह रिडलेची अंडी कुंपणात राखून पिल्लं सोडतात. तिथे मुख्य कर्ती वनखात्याची यंत्रणा आहे. वेळासला आरंभ संस्थेने आणि गावाने केला, वनखातं नंतर आलं. पाठोपाठ आंजर्ले, केळशी, कोळथरे, गुहागर अशा किनाऱ्यांवरही काम उभं राहिलं. २०२२ च्या जानेवारीत पश्चिम किनाऱ्यावर पहिल्यांदा उपग्रहाचं यंत्र पाठीवर बसवलेली कासवीण सोडली गेली ती वेळासहूनच. तिचं नाव ठेवलं प्रथमा.

पण हा पैसा किती टिकाऊ, हे २०२० ने दाखवून दिलं. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली, हंगाम ऐन भरात असताना पाहुणे बंद झाले. मुंबईचे चाकरमानी गावी परतले, म्हणजे मनीऑर्डरही आटली. आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं. सावित्रीच्या दोन्ही काठांवरची आगरं भुईसपाट झाली. नारळ मुळासकट उपटले गेले, पोफळी मधोमध मोडल्या, कौलं उडाली. पोफळ लावल्यावर सुपारी हाती यायला सहा-सात वर्षं जातात, नारळाचंही तसंच. सरकारी मदत हेक्टरी पन्नास हजारांच्या हिशेबाने जाहीर झाली, पण इथे हेक्टर कोणाकडे आहे? काही गुंठ्यांच्या आगरात नारळ, पोफळ, जायफळ, मिरी एकमेकांच्या आधाराने उभे असतात. बागायतदारांनी आरडाओरडा केल्यावर झाडामागे मदत देण्याचा निर्णय झाला. कोकणच्या शेतीची मापंच देशावरच्या शेतीवरून ठरतात, ही तक्रार खोतीच्या काळाइतकीच जुनी आहे आणि ती खरी आहे.

आता पुढचा धोका जमिनीवरून येतो आहे. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० च्या दशकाच्या आरंभी, रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना त्यांनी जोरात पुढे नेली. तेही या सावित्रीकाठचेच, आंबेत गावचे. आज त्या मार्गाची नव्याने आखणी झाली आहे आणि खाड्यांवरचे पूल पुन्हा कामाला लागले आहेत. वेळासला रस्ता हवाच आहे. आजारी माणसाला फेरीबोटीच्या वेळा सांभाळून दवाखाना गाठावा लागू नये, हे मागणं कोणीही नाकारू शकत नाही. पण पुलाबरोबर वर्दळ येते, वर्दळीबरोबर प्लॉटचे दलाल येतात. कोकणात किनाऱ्यालगतच्या आगरांचा विक्रीचा बाजार किती वेगाने भरतो, हे अलिबाग-मुरूडने पाहिलं आहे. कासवांची अंडी घालण्याची जागा किनारा नियमन क्षेत्राच्या सर्वांत कडक वर्गात मोडते, कागदावर तरी. कागदाबाहेर प्रश्न दिव्यांचा आहे. अंड्यातून निघालेलं पिल्लू उजेडाच्या दिशेने चालतं. समुद्रावर चकाकणारा उजेड ते वाट म्हणून धरतं. मागे रिसॉर्टचा झगमगाट असेल तर ते उलट सुरूच्या बनात शिरतं आणि सकाळी उन्हात मरतं.

दुसरा धोका वाळूतच आहे. ऑलिव्ह रिडलेचं पिल्लू नर होणार की मादी, हे अंडी उबताना वाळू किती तापते त्यावर ठरतं. साधारण तीस अंशांच्या वर गेलं की माद्या वाढतात, त्याहून जास्त तापलं तर पिल्लंच मरतात. मार्चमधलं कोकणचं ऊन वर्षागणिक कडक होतं आहे. कुंपणाच्या आतल्या खड्ड्यांवर सावली किती धरायची, कधी धरायची, याचे निर्णय आता कासवमित्रालाच घ्यावे लागतात. त्याला मानधन मिळतं ते हंगामापुरतं. बाकीचे सहा-सात महिने तो भात लावतो, आगरात राबतो किंवा मुंबईत काही काम मिळतं का ते बघतो.

म्हणून वेळाससाठी मागायच्या गोष्टी मोठ्या नाहीत. कासवमित्राला वर्षभराची नोकरी. पुलाच्या जोडरस्त्यावर आणि किनाऱ्याकडच्या बाजूला नोव्हेंबर ते मे झाकलेले, पिवळे, खाली वळवलेले दिवे. ओडिशात कासवांच्या विणीच्या हंगामात संरक्षण खात्याच्या क्षेपणास्त्र चाचण्यांनाही थांबा दिला जातो, तिथे मंडणगड तालुक्यातल्या रस्त्यावरचे दिवे अवघड नसावेत. पुळणीलगतचं आगर विकायला निघालं तर ते आधी गावातल्या माणसाला विचारलं जावं, अशी ग्रामसभेची तरतूद. आणि घरगुती पाहुणचाराची नोंदणी गावात राहणाऱ्या कुटुंबाच्या, शक्यतो घरातल्या बाईच्या नावावर. पूल पूर्ण होण्याआधी या चारही गोष्टी कागदावर आल्या पाहिजेत. नंतर जमिनीचे भाव चढलेले असतील आणि ग्रामसभेतल्या निम्म्या खुर्च्यांवर बसणारी माणसं मुंबईत असतील.